मातीचे हात

एका भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगी सातवीत. शाळेतून आली की शाडू घेऊन बसते. फरशी, फ्रॉक, मोरी सगळं मातीनं भरतं. सासूबाई म्हणतात, ‘मातीत हात घालून का कुणाचं पोट भरलंय?’ त्यांना काय उत्तर द्यावं, असं त्या विचारतात.

सासूबाईंना सासवण्याची गोष्ट सांगा. हे अलिबागजवळचं गाव. तिथल्या विनायक पांडुरंग करमरकर या मुलाला चित्रांचा नि मूर्तींचा भारी नाद. त्यानं देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं. त्यांच्या मदतीनं मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. पुढं पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडला तो त्याच हातांनी. स्मारकाची कोनशिला १९२१ सालची. पुढच्याच वर्षी शाहू छत्रपती निवर्तले. राजाराम महाराजांनी काम तडीस नेलं आणि १९२८ साली अनावरण झालं.

आपल्याला दिसतो तो ब्राँझचा पुतळा. पण असं शिल्प आधी मातीत होतं, बरं का! लोखंडी सांगाड्यावर ओली माती चढवायची. घोड्याची मान, स्वाराची बैठक, चेहऱ्यावरचा भाव, सगळं तिथंच ठरतं. माती सुकली की तडकते, म्हणून रोज पाणी शिंपडून ओली फडकी गुंडाळायची. मनाजोगं झालं की प्लास्टरचा साचा घ्यायचा. साचा सोडवताना मातीची मूर्ती मोडते. माती पुन्हा मळून दुसऱ्या कामाला घेतात. साच्यातून प्लास्टरची प्रत निघते आणि तिच्यावरून धातूचं ओतकाम होतं. मातीतली चूक अंगठ्यानं पुसता येते, धातूतली निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात.

आता घरचं. मुलीला गॅलरीचा एक कोपरा, जुना पाट आणि गोणपाट द्या. शाडू ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावा, म्हणजे आठवडाभर मऊ राहतो. उभी मूर्ती करताना आत तारेचा सांगाडा घालायला सांगा. पाय वाकणार नाहीत. हात मात्र बादलीत धुवायचे, मोरीत नाही. गाळ खाली बसला की वरचं पाणी ओतून द्या, माती परत वापरा. तुंबलेली मोरी हेच निम्म्या भांडणाचं मूळ असतं!

पोट भरेल का, याची हमी कुणीच देणार नाही. ती डॉक्टरकीचीही नसते. अभ्यास सांभाळून तिला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकलेच्या परीक्षांना बसवा. तिचा हात किती चालतो ते कळेल, आणि दहावीनंतर काय करायचं हे ठरवायला आधार मिळेल. तोवर ‘पुरे झाला पसारा’ म्हणून अर्धी मूर्ती मोडू नका. मोडायची झाली तर तिची तिला मोडू दे.

आणि सुट्टीत सासूबाईंनाही बरोबर घेऊन सासवण्याचं करमरकर शिल्पालय पाहून या. तिथली म्हैस पाहिल्यावर त्या काय म्हणतात, ते मला जरूर कळवा.