शब्द आपले, आशय निराळा

इ. स. १६१६ मध्ये गोमंतकात, साष्टीतील राचोल येथे एक मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. ग्रंथाचे नाव 'ख्रिस्तपुराण' आणि कर्ता फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट धर्मगुरू. नाव पुराणाचे, रचना ओवीबद्ध आणि स्वर्गासाठी योजलेला शब्द वैकुंठ! स्टीफन्सचे मराठीवरील प्रेम खरे होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या वैकुंठात विष्णू नाही, लक्ष्मी नाही, गरुड नाही, ते वैकुंठ कोणाचे? शब्द आपला राहिला, आशय मात्र पालटला.

आज चारशेहून अधिक वर्षांनंतरही स्थिती तीच आहे. मराठी बायबलमध्ये 'देव' आहे, 'परमेश्वर' आहे, 'आत्मा' आहे. हे ओळखीचे शब्द कानी पडताच सुशिक्षित हिंदू गृहस्थ निर्वाळा देऊन मोकळा होतो, 'नावे निरनिराळी, देव एकच!' वाक्य मोठे उदार वाटते. किती जणांनी ते अभ्यासाअंती उच्चारलेले असते? बहुतेकांच्या तोंडी ते अभ्यास टाळण्याचे निमित्त म्हणूनच येते. शिवाय त्यात ख्रिस्ती माणसाचाही अवमान आहे. ज्या व्याख्यांसाठी त्याच्या पूर्वसूरींनी शतकानुशतके वाद घातले, हद्दपारी भोगली, प्रसंगी प्राणही दिले, त्या व्याख्यांना काहीच अर्थ नाही, असे आपण त्याला परस्पर सांगून टाकतो.

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील ईश्वराची लक्षणे प्रथम पाहू. तो स्वयंभू, अनादी, अनंत, सर्वज्ञ, सर्वशक्तिमान, सर्वव्यापी, निर्विकार, न्यायी आणि दयाळू आहे. ही यादी ऐकून कोणत्याही कीर्तनकाराची मान डोलेल. ईश्वर काय आहे यापेक्षा तो काय नाही हेच मानवी बुद्धीला कळू शकते, असे तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस सांगतो, तेव्हा उपनिषदांतील 'नेति नेति'ची आठवण झाल्यावाचून राहत नाही. इथवरचे साम्य प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु साम्याची वाट इथेच संपते आणि तीन प्रश्न समोर उभे राहतात.

पहिला प्रश्न : ईश्वर आणि सृष्टी यांचे नाते काय? ख्रिस्ती उत्तर असे, की ईश्वराने सृष्टी शून्यातून, केवळ आपल्या इच्छेने निर्माण केली. १२१५ च्या लॅटरन परिषदेने हे सिद्धांतरूपाने घोषित केले. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने तर ईश्वर आणि चराचर एकाच तत्त्वाचे आहेत असे मानणाऱ्याला स्पष्ट शब्दांत बहिष्कृत ठरविले. मुंडकोपनिषदातील कोळी आपल्यातूनच तंतू काढतो आणि आपल्यातच ओढून घेतो. मध्वाचार्यांचे द्वैत ईश्वराला जगाहून भिन्न मानते खरे, पण तेथेही जीव आणि प्रकृती अनादीच आहेत. शून्यातून घडविलेल्या नाहीत. घटाघटात ईश्वर पाहणारी दृष्टी आणि ईश्वराला घडवणारा व जगाला निव्वळ घडवलेली वस्तू मानणारी दृष्टी या एकच कशा असतील? जर्मन साधक माइस्टर एकहार्ट याची वचने अद्वैताच्या फार निकट जातात. त्यांचे फळ काय मिळाले? १३२९ मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी त्याच्या २८ विधानांवर निषेधाची मोहोर उमटविली. काही पाखंड म्हणून, तर काही संशयास्पद म्हणून. 'सगळे एकच' म्हणणाऱ्यांनी ही मोहोर एकवार पाहून घ्यावी.

दुसरा प्रश्न : हा ईश्वर एक की तीन? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, पण ईश्वर एक, असा ख्रिस्ती सिद्धांत आहे. तो एका दिवसात सिद्ध झाला नाही. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणत होता, की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, म्हणून तो पित्याच्या बरोबरीचा नाही. वाद इतका चिघळला, की रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे धर्माध्यक्षांची परिषद भरविली. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, असा निर्णय तेथे झाला आणि एरियसला हद्दपार करण्यात आले. ईश्वराच्या स्वरूपावरील वादाचा निकाल लावण्यासाठी परिषद बोलावणाऱ्या या सम्राटाचा स्वतःचा बाप्तिस्मा मात्र अजून व्हायचा होता. तो ३३७ मध्ये मृत्युशय्येवर झाला! पुढे ३८१ मध्ये पवित्र आत्म्याविषयीचे सूत्र पक्के झाले. ४५१ च्या काल्सिडोन परिषदेत ख्रिस्ताच्या दैवी आणि मानवी अशा दोन स्वरूपांचा निर्णय झाला, तो इजिप्त, आर्मेनिया आणि सीरियातील चर्चांनी मानला नाही. १५५३ मध्ये त्रैक्य नाकारणाऱ्या मायकेल सर्व्हेटसला जिनिव्हात जिवंत जाळण्यात आले. हे शासन रोमने केले नव्हते. सुधारणावादी म्हणविणाऱ्या कॅल्व्हिनच्या नगरीत ते घडले.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या एका विदुषीलाही पडला होता. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यानंतरही त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या बुद्धीला सहजी पटेना. आपल्या धर्मगुरुभगिनींशी त्यांनी यावर पत्रांतून निर्भीडपणे वाद केला. आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कोणाकडे गहाण टाकलेली नाही, हीच त्या पत्रांमागील भूमिका होती. रमाबाई अखेरपर्यंत ख्रिस्ती राहिल्या, हे सत्य आहे. संस्कृत शास्त्रांत घडलेली बुद्धी प्रश्न विचारल्यावाचून राहिली नाही, हेही तितकेच सत्य आहे. एकात तीन हे गूढ म्हणून श्रद्धेने स्वीकारायला सांगणाऱ्यांनी, एकाच सत्याला अनेक नावांनी आळविणाऱ्या समाजाला 'बहुदेवपूजक' म्हणून हिणवावे, हा कोणता न्याय?

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर : ईश्वराच्या न्यायाची आणि दयेची संगती कशी लागते? जन्म एकच, त्यापूर्वी कर्म नाही. मग एक मूल आंधळे आणि दुसरे डोळस का जन्मते? आणि मोजक्या वर्षांच्या आयुष्यातील पापासाठी अनंतकाळची शिक्षा का? हे प्रश्न काशीतील तरुण पंडित नीलकंठशास्त्री गोरे यांनी १८४४-४५ च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' या संस्कृत ग्रंथात मांडले. जॉन म्यूर या स्कॉटिश विद्वानाच्या 'मतपरीक्षा' ग्रंथाला ते उत्तर होते. ब्रह्मसूत्रांनी हाच प्रश्न कित्येक शतके आधी हाताळला आहे. ईश्वरावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, यांचा दोष येत नाही, कारण तो जीवांच्या कर्मानुसार फळ देतो, हे तेथील उत्तर. नीलकंठशास्त्री स्वतः १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले, हा इतिहासाचा विलक्षण विरोधाभास! पण विचारणारा पलीकडे गेल्याने प्रश्न सुटत नाही.

ख्रिस्ती विचारवंतांनी उत्तरे दिलीच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ईश्वराने माणसाला स्वातंत्र्य दिले आणि पाप त्यातून आले, असे ते सांगतात. ईश्वर दुःखापासून अलिप्त राहिला नाही, क्रूसावर त्याने ते स्वतः सोसले, असेही सांगतात. या दुसऱ्या उत्तरात करुणा आहे. पण तारणाचे दार अरुंदच राहिले. चर्चबाहेर राहणारे मूर्तिपूजक आणि यहुदी अनंत अग्नीत जातील, असे १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने सांगितले. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, ज्यांना स्वतःच्या दोषावाचून ख्रिस्त ठाऊक झाला नाही, त्यांनाही तारण मिळू शकते असे मान्य केले. लगेच टाळ्या पिटणाऱ्यांनी २००० सालचे 'डोमिनस येसुस' हे व्हॅटिकनचे घोषणापत्रही वाचावे. अन्य धर्मांचे अनुयायी गंभीर उणिवेच्या स्थितीत आहेत, असे त्यात नमूद आहे. बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या अर्भकांच्या तारणाची आशा बाळगायला आधार आहे, हे सांगणारा व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाचा दस्तऐवज तर २००७ मध्ये आला. निष्पाप बालकाविषयी ईश्वर काय करील, याचा निर्वाळा द्यायला ईश्वराच्या प्रतिनिधींना इतकी शतके का लागावीत?

येथे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. कर्मसिद्धांताचा आधार घेऊन आपल्याच बांधवांच्या दुःखाकडे पाठ फिरविणारे लोक आपल्या समाजात झाले. 'ज्याचे कर्म त्याला' असे म्हणून वंचिताच्या दारापासून निघून जाणाऱ्याला दुसऱ्याच्या तत्त्वज्ञानातील दोष दाखविण्याचा अधिकार उरत नाही. पाड्यावरच्या रुग्णाजवळ आपण बसलो नाही, तर तेथे जो बसेल त्याचाच देव त्या घरात जाईल. मग ब्रह्मसूत्रांचे दाखले देऊन काय साधणार?

१८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद करीत होते. भोवती श्रोत्यांची गर्दी असे. बुवांचे सामर्थ्य प्रश्नांत होते. प्रतिपक्षाचा सिद्धांत समजून घ्यायचा, त्यातील सांधा नेमका हेरायचा आणि सर्वांसमक्ष उत्तर मागायचे, ही त्यांची रीत. त्या वादसभांचा वृत्तांत जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानेच प्रसिद्ध केला. प्रतिपक्षाला दखल घ्यावी लागते, ती अशा अभ्यासाची.

हीच परंपरा आज घराघरात जागविण्याची गरज आहे. वसईचा ख्रिस्ती शेजारी आपलाच आहे; त्याचे पूर्वज, त्याची बोली, त्याची माती आपलीच आहे. त्याच्याशी वैर नको, पण त्याच्या आणि आपल्या ईश्वरकल्पनेतील अंतर पुसून टाकणारी खोटी गोडीही नको. शाळेतून आलेल्या मुलाने 'त्यांचा देव आणि आपला देव एकच का?' असे विचारले, तर त्याला 'हो रे, सगळे सारखेच' असे सांगून वाटेला लावू नये. त्याच्याजवळ बसावे, साम्य कोठवर आहे ते सांगावे आणि वाटा कोठे फुटतात तेही दाखवावे. ज्या घरात वैकुंठ या शब्दाचा अर्थ कोणालाच सांगता येत नाही, त्या घरात तो शब्द कोणत्याही आशयाने भरला जाऊ शकतो.