दोन गुरू, एक गळा

मुलुंड-घाटकोपर असो की बोरिवली, उपनगरातल्या आयांपुढे सध्या एक प्रश्न आहे. मुलीचं गाणं जवळच्या बाईंकडे ठेवायचं, की मोबाइलवरून पुण्या-धारवाडच्या नावाजलेल्या गुरूंकडे? २०२० च्या टाळेबंदीत गाण्याचे क्लास फोनवर आले. टाळेबंदी उठली, पण ते काही पूर्ण गेले नाहीत. बोरिवलीहून गर्दीच्या लोकलने पोरीला दादरला न्यायचं, तिथे तासभर जिन्यात बसायचं, ते वाचलं म्हणून आया खूश. लहान गावातल्या मैत्रिणींनो, तुम्हाला तर ही सोयच नव्याने मिळाली.

पण आमच्या महिला मंडळातल्या एकीची लेक गाणंच सोडायला निघाली होती. इमारतीतल्या बाई गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेची तयारी घेणार, ठरलेले राग, ठरलेले आलाप-ताना. फोनवरचे सर म्हणणार, परीक्षा राहू दे, आधी सहा महिने भूपच गा. नऊ वर्षांच्या पोरीने ऐकायचं कुणाचं? त्यात आईने बाईंना सरांबद्दल कळूच दिलं नव्हतं. का, तर त्यांना राग येईल!

खरं तर दोन गुरू ही काही नवलाई नाही. मोगूबाई कुर्डीकर स्वतः एवढ्या मोठ्या गायिका, तरी लेक किशोरी आमोणकर भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकल्या, आग्रा घराण्याच्या अन्वर हुसेन खाँसाहेबांकडेही. पाया मात्र आईचा, घरातला.

फोनवर हे पायाचं काम नीट होत नाही. आवाज पोचायला जरासा उशीर होतो, त्यामुळे गुरूंबरोबर गाता येत नाही, की त्यांच्या ठेक्यावर बरोबर समेला येता येत नाही. काही ॲप तर तानपुऱ्यालाच गोंगाट समजून दाबतात! (सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ असेल तर ते सुरू करा.) खांदे आवळलेत का, श्वास कुठे तुटतोय, हे समोर बसलेल्या बाईंनाच नीट कळतं.

म्हणून लहान वयात सूर-ताल जवळच्या बाईंचा, असं माझं स्पष्ट मत. लांबच्या गुरूंकडे महिन्यातून दोनदा, एखादी बंदिश. तीही बाईंना सांगून.

मैत्रिणीने शेवटी सांगितलं. बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मग स्वतःच सरांना फोन केला. परीक्षा पुढच्या सत्रावर गेली, आणि आता दोघांकडेही भूपच चाललाय.