‘मशीन आहे, काय भरवसा?’ म्हणणाऱ्या गॅरेजवाल्यांसाठी

पोस्ट लांब आहे. पण घरी चारचाकी असेल, किंवा भाड्याच्या चारचाकीत बसून कुठे जात असाल, तर वाचाच.

आमच्या स्टँडवर एक टूरवाला आहे. नाव देत नाही, त्याची तशी इच्छा नाही. सातआसनी डिझेल गाडी, स्वतःच चालवतो, फायनान्सचे बावीस हप्ते अजून बाकी. स्टँडवर सगळे त्याची चेष्टा करतात, कारण सर्व्हिसिंगची तारीख तो बायकोच्या वाढदिवसापेक्षा नीट लक्षात ठेवतो. तर या गड्याने शनिवारी गावातल्या एका चांगल्या चालणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी टाकली. ऑइल बदललं, फिल्टर बदलले, ब्रेक साफ केले. 6,200 रुपये दिले.

सोमवारी पहाटे चिपळूणचं भाडं होतं. हेळवाक सोडलं, कुंभार्ली घाटाचा उतार लागला आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा पेटला. मागे एसटी, बाजूला दरी, गाडीत एक म्हातारी, दोन पोरं आणि त्यांचे आईबाप. गाडी बाजूला घ्यायला जागा सापडेपर्यंत दोन वळणं गेली. तेवढ्यात इंजिन जाम. ज्यांनी घाटात गाडी चालवलीय त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. इंजिन बंद पडलं की स्टेअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर एकदोनदा साथ देतो, मग तोही संपतो. पठ्ठ्याने गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबवली. माणसं वाचली. नाहीतर दुसऱ्या दिवशी मीच ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ अशी बातमी दिली असती. आम्ही पत्रकार असंच लिहितो, ताबा नेहमी चालकाचाच सुटतो.

टोचन करून गाडी माघारी आणली. पण त्याने एक शहाणपणा केला. गाडी त्याच गॅरेजला न नेता दुसऱ्या फिटरकडे नेली. फिटरने ऑइल फिल्टर खोलला आणि दोन रबर रिंगा हातावर ठेवल्या. एक नव्या फिल्टरची आणि एक जुन्या फिल्टरची. जुना फिल्टर काढताना त्याची रिंग इंजिनला चिकटून राहिली होती. ती न काढता त्याच्यावरच नवा फिल्टर आवळला. अशी डबल रिंग थोडा वेळ तग धरते, मग ऑइलच्या दाबाने सरकते आणि बघता बघता सगळं ऑइल रस्त्यावर. फिल्टर काढल्यावर ती जागा फडक्याने पुसायची आणि रिंग आलीय का बघायचं, एवढंच काम होतं. अर्ध्या मिनिटाचं.

इंजिनकामाचा अंदाज 85 हजार.

गॅरेजमालकाकडे आम्ही दोघं गेलो. त्याने चहा मागवला, ऐकून घेतलं आणि म्हणाला, “भाऊ, मशीन आहे ते. मशीनचा काय भरवसा?” रिंगा दाखवल्या तर म्हणाला, “ह्या आमच्याच कशावरून?” आणि शेवटी, “दिवा लागल्यावर गाडी चालवलीच का?”

या तिसऱ्या प्रश्नाला मी मान देतो. ऑइलचा लाल दिवा लागला की इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं, हे बरोबरच आहे, आणि त्या दोन वळणांचा हिशोब कुणी मागितला तर तो द्यावाच लागेल. पण अहो, दिवा लागला कुणामुळे? शिवाय घाटातल्या उतारावर, माणसं भरलेली गाडी जागच्या जागी बंद करून दाखवा म्हणावं.

‘मशीन आहे’ हे वाक्य मात्र आता बंद झालं पाहिजे. सर्व्हिसिंगनंतर गाडीचं जे काही होईल त्याला गॅरेज जबाबदार, असं मी म्हणत नाही. ऑइल बदललं आणि आठ दिवसांनी हेडलाइटचा बल्ब गेला, तर तो योगायोग. पण ज्या नटाला तुमचा पाना लागला तो नट तुमचा. ब्रेक साफ करताना पॅड संपलेले दिसले आणि तुम्ही गिऱ्हाइकाला सांगितलं नाही, तर तेही तुमच्याच खात्यात. आणि सांगूनही गिऱ्हाइकाने ‘राहू द्या, पुढच्या वेळी बघू’ म्हटलं, तर तुम्ही सुटलात. फक्त ते लिहून ठेवा. यात अवघड काय आहे?

कायदाही साधारण हेच म्हणतो. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. त्यात सेवेतल्या त्रुटीची व्याख्या आहे. निष्काळजीपणाने केलेली किंवा करायची राहिलेली गोष्ट, जिच्यामुळे ग्राहकाचं नुकसान झालं, ती त्रुटी. माहिती मुद्दाम दडवली तर तीही त्रुटी. केलेल्या कामाचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा, हेही त्यातच आहे. ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ अशी पाटी लावणाऱ्यांसाठी तर 1872 चा करार कायदा आहे. दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेतली की साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यायची. दीडशे वर्षं झाली या ओळीला, पाटी रंगवणाऱ्यापर्यंत अजून पोचली नाही.

कुणी म्हणेल, टूरची गाडी म्हणजे धंदा, मग तो ग्राहक कसा? स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्याने ‘व्यावसायिक कारणा’तून बाहेर ठेवलंय. दहा गाड्या आणि दहा ड्रायव्हर ठेवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

मग अडलं कुठे? बिलावर. आमच्या गड्याकडे बिल म्हणजे वहीचा अर्धा कागद. ‘सर्व्हि. 6200’. तारीख नाही, किलोमीटर नाही, कुठल्या कंपनीचा फिल्टर टाकला ते नाही. “पक्कं बिल पाहिजे का? मग जीएसटी लागेल,” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि सगळ्यांनी “राहू द्या” म्हटलंय. मीही म्हटलंय, खोटं कशाला बोलू. थोडे पैसे वाचवले आणि 85 हजारांचा पुरावा सोडून दिला.

दुसरं, तो रिंगा काढून देणारा फिटर. सज्जन माणूस, हुशार माणूस. पण लेखी द्या म्हटल्यावर हात जोडून म्हणाला, “दादा, मला इथंच धंदा करायचाय. उद्या माझ्याकडनं चूक झाली तर?” त्याचं भय मला कळतं. पण आयोगापुढे जाणकाराचं लेखी मत लागतं, आणि गावातला एकही जाणकार सही करत नसेल तर कायद्याच्या पुस्तकाचा उपयोग काय?

टूर गाडीच्या ड्रायव्हरकडे लायसन्स लागतं, परमिट, फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी लागतं. एक कागद कमी असला की चौकात गाडी बाजूला. त्याच गाडीच्या ब्रेकला हात लावणारा हेल्पर सतरा वर्षांचा आहे की सत्तावीस, आयटीआयचा दोन वर्षांचा मोटर मेकॅनिक कोर्स केलाय की कालच कामावर आलाय, हे कुणी विचारत नाही. मोठी वर्कशॉप वेगळी नाहीत. तिथे काचेची केबिन, कॉफी आणि जॉब कार्डावर बारीक टाइप एवढंच जास्त.

ही बातमी मी पेपरला दिली होती. तालुक्याच्या पानावर जाहिराती कुणाच्या असतात हे वेगळं सांगायला नको. म्हणून इथे लिहितोय.

तक्रार आम्ही दाखल करणार आहोत. पाच लाखांपर्यंतच्या कामाला जिल्हा आयोगात फी नाही. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षं. 1915 ही हेल्पलाइन आहे, तिथेही नोंद केलीय. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. कोर्टकचेरीच्या बातम्या करून माझे केस पिकलेत, त्यामुळे त्या महिन्यांवर मी फार बोलत नाही. तोवर हा गडी दुसऱ्याच्या गाडीवर रोजंदारीने जातोय. पाच तारखेचा हप्ता त्याने मेव्हण्याकडून घेऊन भरला.

एक काम आहे. फिल्टर आणि दोन्ही रिंगा पिशवीत सील करून ठेवल्यात, खोलतानाचा व्हिडिओ आहे. कराड-पाटण भागातला कुणी अनुभवी फिटर किंवा आयटीआयचे निदेशक ते बघून लेखी मत द्यायला तयार असतील तर इनबॉक्स करा. जायचायचा खर्च मी देतो.