विमान कोणाच्या नावावर नसतं

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडू लागली आणि अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या आपल्या माजी एअरमन मंडळींना वाटलं, आता घराजवळ काम मिळेल. त्यानंतर आमच्याकडे पत्रं येत आहेत ती एकाच रकान्याबद्दल. भरती करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या अर्जात विचारलं आहे: ‘आपल्या नावे असलेल्या विमानाचा क्रमांक व कालावधी.’ रकाना कोरा ठेवला, तर अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून परत येतो. ड्रायव्हर भरतीच्या अर्जातून ‘वाहन’ खोडून ‘विमान’ लिहिलं असावं, इतका हा प्रश्न अडाणी आहे.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. पण हा अंक त्या कंत्राटदाराच्या टेबलावर नेऊन ठेवता यावा म्हणून लिहितो. लढाऊ विमान वैमानिकाच्याही नावावर नसतं. कोण उडणार, कोणती सॉर्टी, हे फ्लाइट कमांडर ठरवतो. विमान मात्र लाइनवर ठरतं. आदल्या दिवशी कोणते स्नॅग निघाले, पुढच्या सर्व्हिसिंगला किती तास उरले, सर्व्हिसिंगच्या पाळ्यांचा क्रम (स्टॅगर) बिघडू नये म्हणून कोणतं उडवायचं आणि कोणतं राखायचं, कशावर जादा टाक्या चढवल्या आहेत, हे बघून इंजिनिअरिंगवाले क्रमांक देतात. चेक सॉर्टी असेल तर दोन आसनी. वैमानिक येतो, फॉर्म ७०० (विमानाची देखभाल-नोंदवही) वाचतो, सही करतो आणि मिळालेलं विमान घेतो. स्टार्टअपला दोष निघाला, तर उतरून स्टँडबायमध्ये बसतो. अमेरिकेत कॅनॉपीखाली वैमानिकाचं आणि क्रू चीफचं नाव रंगवतात, पण तिथंही त्या विमानातून दुसरा कोणी उडतोच. आणि २०१६ च्या कॅग अहवालात नौदलाच्या मिग-२९केची उड्डाणयोग्यता सुमारे १६ ते ३८ टक्के नोंदली आहे. अशा ताफ्यात माणशी एक विमान आणायचं कुठून?

वैमानिकाकडे निदान लॉगबुक असतं. त्यात प्रत्येक सॉर्टीचा विमान क्रमांक असतो. आपल्या जमिनीवरच्या तंत्रज्ञांकडे काय? ज्या फॉर्म ७०० वर वर्षानुवर्षं सह्या केल्या, तो विमानासोबत आणि युनिटमध्ये राहतो. ओझरच्या ११ बेस रिपेअर डेपोत काम केलेल्या माणसाच्या हाताखालून अनेक स्क्वाड्रनची विमानं गेली. त्यानं कोणता क्रमांक लिहायचा? शिवाय कोणतं विमान कोणत्या तळावर होतं, ही माहिती खाजगी कंत्राटदाराच्या अर्जात भरायची नसते. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीच्या दिवशी संपत नाही.

याहून मला जास्त लागलं ते वेगळंच. काही सभासदांनी आठवेल तो क्रमांक, काहींनी तर मनानं रचलेला क्रमांक लिहून अर्ज पुढे रेटला. मित्रहो, हे करू नका. एका स्प्लिट पिनची खात्री नव्हती म्हणून आपण सही नाकारली आहे, वरिष्ठ डोक्यावर उभे असताना नाकारली आहे. त्याच हातानं खोटा क्रमांक लिहायचा? आणि तो उद्या पकडला गेला, तर रायगडच्या प्रत्येक माजी एअरमनच्या कागदाकडे संशयानं बघतील.

आपली मागणी साधी आहे. विमानाचा प्रकार, ट्रेड, फर्स्ट लाइन की सेकंड लाइन आणि वर्षं, एवढंच विचारा. ते डिस्चार्जच्या कागदांवरून तपासता येतं. त्या कंत्राटदाराला आम्ही तसं पत्र लिहिलं आहे, उत्तर नाही. आता अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जायचं आहे आणि त्यासाठी परत आलेल्या अर्जांच्या प्रती हव्यात. गेल्या अंकात मागितल्या होत्या. तक्रारीची पत्रं भरपूर आली, प्रती फारच थोड्या. फोनवर तासभर संतापणाऱ्यांनी झेरॉक्सच्या दुकानापर्यंत जायला एवढा वेळ का लावावा? सर्व्हिस नंबर झाका, परतीचा शेरा दिसू द्या आणि हा अंक हातात पडल्यापासून आठवड्याच्या आत प्रत पाठवा. ज्यांनी रचलेला क्रमांक दिला आहे, त्यांनी दुरुस्तीचा अर्ज आजच द्यावा. मसुदा आमच्याकडे तयार आहे, मागून घ्या.