बागेतली मुलं आणि भिंतीपलीकडची मुलं

झोया अख्तर यांचा 'द आर्चीज' ७ डिसेंबर २०२३ रोजी नेटफ्लिक्सवर आला आणि सगळी चर्चा घराणेशाहीभोवती फिरत राहिली. शाहरुख खान यांची मुलगी, श्रीदेवींची मुलगी, अमिताभ बच्चन यांचा नातू, अशा तिघांचं एकाच चित्रपटातून पदार्पण. टीका रास्त होती, पण ती कलाकारांच्या आडनावांपाशीच थांबली. आपल्यासाठी त्यापुढचा प्रश्न महत्त्वाचा आहे: या देशाच्या पडद्यावर बेफिकीर बालपण कोणाच्या वाट्याला येतं?

चित्रपट १९६४ सालच्या रिव्हरडेल या काल्पनिक डोंगरी गावात घडतो. वस्ती अँग्लो-इंडियन समाजाची. मुलं सायकलवर भटकतात, गाणी रचतात, पार्ट्या करतात, प्रेमात गोंधळ घालतात. रागावणारं, अडवणारं फारसं कोणी नाही. पुढे गावातली बाग तोडून हॉटेल बांधायचा घाट घातला जातो, तेव्हा हीच मुलं गाव जागं करतात. सगळंच राजकारण असतं, असं सांगणारं एक अख्खं गाणंही आहे. पण बाग झाडतो कोण, घरातली भांडी घासतो कोण, हे या राजकारणात येत नाही.

'आम्ही एका अल्पसंख्य समाजाची गोष्ट सांगितली, हीच विविधता' असं यावर कोणी म्हणेल. मग त्या समाजाकडेही नीट पाहू. रेल्वे, सीमाशुल्क, टपाल आणि तार खात्यांतल्या नोकऱ्यांत अँग्लो-इंडियनांना संविधानाच्या कलम ३३६ ने मर्यादित काळासाठी सवलत दिली होती. ती टप्प्याटप्प्याने कमी होत १९६० मध्ये संपली. म्हणजे चित्रपटातल्या मुलांचे आईवडील हा आधार नुकताच गमावलेल्या पिढीतले. याच काळात अनेक कुटुंबं ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे निघाली. कलम ३३१ नुसार राष्ट्रपती लोकसभेत या समाजाचे दोन सदस्य नेमू शकत. १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी २०२० मध्ये तीही तरतूद संपली. संसदेतून एका समाजाचा आवाज गेला, देशात फारशी कुजबुज झाली नाही. जवळपास चार वर्षांनी तोच समाज फ्रॉक, गिटार आणि केकच्या रूपात पडद्यावर आला. पोशाख दिसला, प्रश्न दिसला नाही. याला प्रतिनिधित्व म्हणता येत नाही, ही सजावट झाली.

या मंडळींना जमतच नाही, असं मात्र नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झोया अख्तर आणि रीमा कागती यांच्याच 'मेड इन हेवन' मालिकेत राधिका आपटेने साकारलेली पल्लवी मेनके बौद्ध पद्धतीने लग्न करण्यासाठी ठाम उभी राहिली. पांढरी वस्त्रं, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा मुख्य प्रवाहात इतक्या सन्मानाने पाहून आपल्यापैकी अनेकांचे डोळे भरून आले. त्या भागाचा दिग्दर्शक होता नीरज घायवान, स्वतःची दलित ओळख उघडपणे सांगणारा. फरक इथे आहे. कॅमेऱ्यामागे कोण उभा आहे, यावर कॅमेऱ्याला काय दिसतं ते ठरतं.

आता नागपूरला या. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' मार्च २०२२ मध्ये आला. इथेही मुलांवर लक्ष ठेवणारं कोणी नाही. आईबाप रोजीरोटीच्या मागे, मुलं रस्त्यावर. वस्ती आणि कॉलेज यांच्यामध्ये एक भिंत. रिव्हरडेलच्या मुलाने दोन मुलींची मनं दुखावली तर ते 'वयात येणं' ठरतं. वस्तीतल्या मुलाची चूक मात्र पोलिसांच्या कागदावर चढते, आणि खेळायला परदेशी जायची वेळ आली की तोच कागद आडवा येतो. लक्ष ठेवणारं कोणी नसणं दोन्हीकडे सारखंच. एकीकडे त्याला स्वातंत्र्य म्हणतात, दुसरीकडे गुन्हेगारी.

योगायोग बघा. 'झुंड'मध्ये त्या मुलांच्या पाठीशी उभा राहणारा प्रशिक्षक अमिताभ बच्चन यांनी साकारला. पुढच्याच वर्षी त्यांचा नातू 'द आर्चीज'चा नायक झाला. नातवावर आपला राग नाही, त्याने कुठे जन्म घ्यायचा हे त्याच्या हातात नव्हतं. वस्तीतल्या पोराच्याही हातात नव्हतं. पण एकाला पहिली संधी घरातून मिळते, दुसऱ्याला ती मिळण्यासाठी एखाद्या नागराजला आधी स्वतः तिथवर पोहोचावं लागतं. तशी संधी मिळाली तेव्हा नागपूरच्या अंकुश गेडामने 'झुंड'साठी पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळवला. गुणवत्ता वस्तीत नाही, असं म्हणणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर देण्याची गरज नाही.

म्हणून पुढच्या वेळी कोणी 'आमच्या चित्रपटात सगळे समाज आहेत' असं सांगितलं, की पडद्यावरचे चेहरे मोजत बसू नका. ही गोष्ट लिहिली कोणी, पैसा कोणाचा आणि यात चुकायची मुभा कोणाला आहे, हे विचारा. आणि नुसतं विचारून थांबू नका. आपल्या विहारांत, वसतिगृहांत, अभ्यासिकांत लिहिणारी, कॅमेरा हाताळणारी, संकलन शिकणारी मुलंमुली आहेत. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा त्यांच्या पहिल्या लघुपटासाठी बाजूला काढता येईल का, यावर या एप्रिलच्या बैठकीत बोलू या. तो पहिला लघुपट कदाचित फसेल. फसू द्या. चुकून शिकायची मुभा आपल्या मुलांनाही हवी, आणि ती आधी आपणच दिली पाहिजे.