वजन आपण उचलायचं, सही त्यांनी करायची?

भारतीय वेटलिफ्टिंगची राष्ट्रीय संघटना गेल्या वीस-बावीस वर्षांत इतक्यांदा अडचणीत आली आहे की ‘पुनर्बांधणी’ हा शब्दच आता शिळा वाटतो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये आपल्या दोन महिला खेळाडू उत्तेजक चाचणीत सापडल्या आणि देशावर बंदी आली. २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेनंतर पुन्हा बंदी. २००९ मध्ये सहा खेळाडू दोषी ठरले आणि आंतरराष्ट्रीय महासंघानं सांगितलं की पाच लाख डॉलर दंड भरा, नाहीतर चार वर्षं बाहेर बसा. पुढच्याच वर्षी दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा होती. यजमान देशाचाच संघ नाही, ही नामुष्की नको म्हणून धावाधाव करून दंड भरला गेला आणि दिल्लीत आपल्याला वेटलिफ्टिंगमध्ये आठ पदकं मिळाली. पदकं मिळाली की प्रश्न विचारणारा देशद्रोही ठरतो, त्यामुळे तो विषय तिथंच मिटला.

माझा मुद्दा डोपिंगपुरता नाही. या प्रत्येक प्रसंगात शिक्षा कुणाला झाली ते पाहा. खेळाडूची दोन वर्षं, चार वर्षं, कधी आख्खी कारकीर्द गेली. ज्यांनी शिबिरं चालवली, निवड केली, परदेश दौऱ्याच्या याद्या केल्या, त्यांच्यापैकी किती जणांची नावं तुम्हाला आठवतात?

मणिपूरच्या मोनिका देवीला २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला निघता निघता थांबवण्यात आलं. नंतर ती निर्दोष ठरली, पण तोवर ऑलिंपिकचं दार बंद झालं होतं. मणिपूरचीच संजिता चानू, दोन राष्ट्रकुल सुवर्णपदकांची मानकरी, २०१८ मध्ये निलंबित झाली आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघानं तिच्यावरचा आरोप मागे घेतला, कारण नमुन्याच्या हाताळणीतच चुका निघाल्या. (पुढे दुसऱ्या एका प्रकरणात तिच्यावर चार वर्षांची बंदी आली, तो वेगळा भाग.) मधल्या काळाची भरपाई कोण देणार? कारखान्यात मशीनमध्ये हात गेला तर निदान नुकसानभरपाईचा कायदा तरी आहे.

आता या खेळात वजन उचलतं कोण ते पाहू. २०२१ मध्ये टोकियोत रौप्यपदक जिंकणारी मीराबाई चानू लहानपणी डोंगरातून जळणाची मोळी आणायची. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून भारताचं पहिलं पदक आणणाऱ्या सांगलीच्या संकेत सरगरच्या घरची पानाची टपरी. त्याच स्पर्धेत सुवर्ण जिंकणारा हावड्याचा अचिंत शिउली घर चालवायला जरीकाम करत होता, त्याचे वडील सायकलरिक्षा ओढायचे. २०१४ च्या ग्लासगो स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी कांस्यपदकं आणली, आणि तिघंही शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडचे! एवढ्याशा गावात तीन पदकं आली, कारण तिथल्या व्यायामशाळेचं दार उघडं होतं. या खेळाडूंच्या जाती मोजायला मी बसलेलो नाही. वर्ग मात्र डोळ्यांना दिसतो. घोडेस्वारी आणि नेमबाजीच्या याद्या शेजारी ठेवून पाहा, मग बोलू.

वजन उचलणं हा आपल्याकडे आधी धंदा आहे, मग खेळ. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या हंगामात जाऊन उभे राहा. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा हमाल तुम्हाला दिवसभर दिसेल. त्याच्या खांद्यावर कुणी पदक घातलं नाही. पण त्याच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि त्या कायद्यानं जी मंडळं आली, त्यात मालकांचे जितके प्रतिनिधी, तितकेच कामगारांचे. म्हणजे ओझं वाहणारा माणूस मजुरीचा दर ठरवणाऱ्या टेबलाशी हक्कानं बसला. हा कायदा कागदावर किती आणि यार्डात किती, यावर मी वेगळा लेख लिहीन. तत्त्व मात्र साधं आहे आणि तेच खेळाच्या संघटनेला लावायचं आहे. जो उचलतो त्याला मंडळात जागा हवी, आणि ती कृपा म्हणून नको.

असं केलं नाही तर काय होतं, हे या खेळाच्या जागतिक संघटनेनं दाखवून दिलं. हंगेरीचे तमाश आयान १९७६ पासून तिथले सरचिटणीस आणि २००० पासून अध्यक्ष. चव्वेचाळीस वर्षं एकच माणूस! २०२० च्या जानेवारीत एका जर्मन वाहिनीनं माहितीपट दाखवला, एप्रिलमध्ये आयान गेले, जूनमध्ये मॅकलारेन यांचा चौकशी अहवाल आला. एक कोटी चार लाख डॉलरचा हिशेब लागत नव्हता. डोपिंगच्या दंडाचे पैसे रोखीनं घेतले जात होते. चाळीस पॉझिटिव्ह चाचण्या दडपल्या होत्या. निवडणुकीत मतं विकत घेतली गेली होती. परिणाम काय? रिओत या खेळात २६० खेळाडूंना प्रवेश होता, पॅरिसला १२० उरले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या पहिल्या यादीतून वेटलिफ्टिंग चक्क वगळलं गेलं. चूक बुडापेस्टच्या कार्यालयात झाली आणि दार बंद झालं ते कुरुंदवाडच्या पोरासाठी.

मग त्यांनी काय केलं, हे आपल्या कामाचं आहे. चाचण्यांचं काम स्वतःच्या हातातून काढून स्वतंत्र संस्थेकडे दिलं. २०२१ मध्ये नवी घटना स्वीकारली, कार्यकारिणीत खेळाडूंच्या प्रतिनिधींना जागा दिली, २०२२ मध्ये तिरानात निवडणूक घेतली. नवे अध्यक्ष जुन्याच वर्तुळातले असल्याची टीका झाली, ती चुकीची नव्हती. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि तेही मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात, या खेळाची जागा परत मिळाली. माणूस बदलल्यानं जे झालं नसतं ते नियम बदलल्यानं थोडंफार झालं.

समाजशास्त्र शिकताना रॉबर्ट मिशेल्सचा १९११ मधला सिद्धांत आम्हाला होता. कोणतीही संघटना, अगदी लोकशाहीच्या नावानं उभी राहिलेलीसुद्धा, हळूहळू मूठभरांच्या हातात जाते. परीक्षेपुरता तो पाठ केला, पण वस्तीत काम करायला लागल्यावर रोज दिसला. बाबासाहेबांना हा धोका पुस्तकातून वाचावा लागला नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या भक्तीबद्दल त्यांनी दिलेला इशारा आपण सगळे जयंतीला ऐकवतो. तो क्रीडा संघटनेला लागू नाही, असं कुठं म्हटलंय? ‘साहेबांनी खेळासाठी आयुष्य वेचलं’ असं म्हणून एकाच घराला तीस वर्षं संघटना देणं ही भक्तीच आहे.

इथं नेहमीचा आक्षेप येतो, ‘खेळात जात आणू नका.’ आम्ही आणली नाही, ती आधीच मैदानात होती. पळवणकर बाळू हा त्याच्या काळातला देशातला सर्वोत्तम गोलंदाज होता, १९११ मध्ये इंग्लंडला जाऊन बळी घेऊन आला. पण चांभाराच्या मुलाला चहा मैदानाबाहेर, वेगळ्या भांड्यात. चेंडू त्यानं टाकायचा, कप्तानपद मात्र इतरांचं. हिंदू संघाचं कप्तानपद त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं ते १९२३ मध्ये, तेही कितीतरी वाद झाल्यावर. शंभर वर्षांत चहाचं भांडं बदललं. गोलंदाज आणि कप्तान यांच्यामधली रेघ किती पुसली, हे तुमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही खेळाच्या संघटनेच्या लेटरहेडवरची आडनावं वाचून ठरवा.

२०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. राष्ट्रीय महासंघाची कार्यकारिणी जास्तीत जास्त पंधरा जणांची, त्यात किमान चार महिला, किमान दोन नामवंत खेळाडू, शिवाय खेळाडूंची स्वतंत्र समिती आणि वादांसाठी न्यायाधिकरण. सरकारी अनुदान घेणाऱ्या संघटनेला माहिती अधिकारही लागू. चांगलं आहे, मी स्वागत करतो. पण पंधरा जागांमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी एकही राखीव नाही, आणि त्यावर आपल्या एकाही मोठ्या नेत्यानं संसदेबाहेर मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. शिष्यवृत्तीसाठी आपण रस्त्यावर येतो, ते यायलाच हवं. पण क्रीडा संघटनेच्या एका सहीवर काय काय अवलंबून असतं, याचा हिशेब आपण मांडलाय का? महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. या दोन्हींचा रस्ता अधिकृत स्पर्धेच्या प्रमाणपत्रातून जातो. त्या प्रमाणपत्रावर सही करणारा माणूस निवडायचा हक्क आपल्याकडे नाही. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं याच राज्यात गाजली, ती उगाच नाही.

आमच्या वस्तीतल्या एका मुलीला एका खेळाच्या जिल्हा निवड चाचणीची तारीख कळली ती चाचणी झाल्यावर तीन दिवसांनी. खेळाचं नाव मुद्दाम सांगत नाही. विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘सूचना सगळ्या संलग्न क्लबना दिली होती.’ उत्तर खोटं नव्हतं. आमचा क्लब संलग्न नव्हता, एवढंच. सगळी गंमत या ‘संलग्न’ शब्दात आहे. राष्ट्रीय महासंघात मत असतं राज्य संघटनांना, राज्य संघटनेत जिल्ह्यांना, जिल्ह्यात नोंदणीकृत क्लबना. म्हणजे दिल्लीतल्या खुर्चीचा पाया जिल्ह्यातल्या क्लबच्या नोंदवहीत आहे आणि त्या वहीत आपलं नाव नाही. दिल्लीला शिव्या घालून ते येणार नाही.

आणि आता थोडं घरात पाहू. सोलापुरात चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत जी ताकद दिसते ती कुठल्या शहराला मिळेल? जयंतीनिमित्त शरीरसौष्ठव स्पर्धा होतात, ट्रॉफ्या पुरुषभर उंचीच्या असतात. पण किती मंडळांनी व्यायामशाळा संस्था म्हणून नोंदवली आहे? वेटलिफ्टिंगला चार मीटर बाय चार मीटरचा लाकडी प्लॅटफॉर्म लागतो, पुरुषांना वीस किलोचा आणि महिलांना पंधरा किलोचा बार, आणि वरून टाकली तरी न फुटणाऱ्या रबरी प्लेट्स. स्नॅच फसला की बार खाली टाकावाच लागतो. समाजमंदिराच्या फरशीवर ते जमत नाही, म्हणून आपली पोरं आरशासमोर दंड फुगवत बसतात. एका रात्रीच्या डीजेचा खर्च आणि एक प्लॅटफॉर्म, हा हिशेब मंडळाच्या बैठकीत मांडून पाहा. मी मांडला होता. बैठक तहकूब झाली.

‘आधी शिक्षण, मग खेळ’ असं ज्येष्ठ म्हणतात. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ च्या जानेवारीत तिचं वसतिगृह उघडलं ते याच सोलापुरात. ते वसतिगृह ‘शिका’ होतं हे खरंच. पण ते चालवायला सभा होती, तिला घटना होती, पदाधिकारी होते, व्यवस्थापक मंडळ होतं आणि त्या मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब होते. सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, कामाचा ताबा मात्र आपल्या माणसाकडे. संघटना कशी बांधायची याचा धडा आपल्याच गावात शंभर वर्षांपूर्वी गिरवून झाला आहे.

तेव्हा कामाला लागा. पाच-सात जणांनी नव्हे, किमान पंधरा जणांनी मिळून संस्था नोंदवा, त्यात अर्ध्या मुली ठेवा. संलग्नतेचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी नकार ऐकून घरी येऊ नका, लेखी मागा. जिल्हा संघटना न्यास म्हणून नोंदलेली असेल तर तिचे कार्यकारिणीतले बदल आणि हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जायला हवेत, आणि ते कार्यालय आपल्या सोलापुरातही आहे. तिथं अर्ज करून, फी भरून प्रती मिळवा. शेवटचा बदल अर्ज कधी दाखल झाला, निवडणूक कधी झाली, सभासद यादीत किती क्लब आहेत आणि त्यातले किती खरोखर चालू आहेत, एवढं काढलं तरी पुष्कळ. बंद पडलेल्या क्लबच्या नावानं कुणी मत टाकत असेल तर ते इथंच दिसेल.

ज्यांच्याकडे अशी कागदपत्रं आधीच आहेत त्यांनी ती आपल्या जिल्ह्याच्या नावासह माझ्याकडे पाठवा. सोलापूर, धाराशिव आणि लातूरपासून सुरुवात करू.

जय भीम.