पूर जात बघत नाही म्हणे!

पूर जात बघत नाही. दुष्काळ धर्म बघत नाही. भूकंपाला गरीब-श्रीमंत कळत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये सीनेला पूर आला तेव्हा हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की कान किटले. पुढारी म्हणाला, पेपरवाल्यानं छापलं, कीर्तनकारानं सांगितलं. वाईट याचं वाटलं की आपल्यातल्या शिकल्यासवरल्या पोरांनीही माना डोलावल्या. म्हणून हे लिहितोय.

दोस्तांनो, पाण्याला जात कळत नाही हे मलाही कळतं. पाणी उताराकडं धावतं, तेवढीच त्याची अक्कल. प्रश्न असा आहे की उतारावर कुणाला बसवलं? आणि कुणी बसवलं?

जुनं गाव डोळ्यांपुढं आणा. गावठाण म्हणजे पांढरी. पांढरी उंचावर. पाटलाचा वाडा, देऊळ, चावडी सगळं तिथं. गावकूस संपलं की उतार. त्या उताराला, ओढ्याच्या नाहीतर नदीच्या अंगाला महारवाडा, मांगवाडा. पाणवठा वरचा त्यांचा, खालचा आमचा, म्हणजे आमच्या अंगावरचं पाणी त्यांच्या घागरीत जायला नको. मनूला पूररेषा ठाऊक नव्हती, विटाळाची रेषा मात्र चांगली ठाऊक होती. त्यानं विटाळाची रेषा आखली आणि नदीनं तीच पूररेषा म्हणून वापरली. आता नदीला दोष द्या आणि मोकळे व्हा!

जलसंपदा खातं नदीकाठी दोन रेषा आखतं, निळी आणि लाल. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी पोचतं ती निळी. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पोचतं ती लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला मनाई. मग आत राहतं कोण? पंढरपुरात जाऊन बघा. उजनीतून भीमेत पाणी सोडलं की पहिला भोंगा व्यासनारायण झोपडपट्टीत वाजतो. लोकांना उचलून शाळेत, मठात, मंगल कार्यालयात टाकतात. पाणी ओसरलं की परत त्याच जागी. पुढच्या साली परत तेच. याला संकट म्हणायचं की वहिवाट? १४ ऑक्टोबर २०२०ला तिथं कुंभार घाटाची नवी बांधलेली भिंत कोसळली आणि सहा माणसं गेली. पाऊस अस्मानी होता. भिंत कुणाची होती?

'अस्मानी-सुलतानी' अशी जोडी आपल्या भाषेत आहे. प्रस्थापितांची युक्ती एकच. अस्मानी मोठ्यानं ओरडायची आणि सुलतानी तिच्या पदराखाली लपवायची.

सोलापूर तर दुष्काळाचं माहेरघर. पर्जन्यछायेतला मुलूख, वर्षाला ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. १८७६-७८चा दुष्काळ घ्या. खानेसुमारीचे आकडे बघा. १८७२ला जिल्ह्यात ७ लाख १९ हजार माणसं होती. १८८१ला उरली ५ लाख ८२ हजार. पाचांतलं जवळजवळ एक माणूस गायब, कुणी मेलं, कुणी परागंदा झालं. आभाळ फाटलं म्हणून? त्याच काळात या देशातला गहू बोटी भरभरून विलायतेला चालला होता. सर रिचर्ड टेंपलनं दुष्काळी कामावरच्या गड्याला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर एक आणा, एवढ्यात जगवायचं ठरवलं. मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव त्याच दुष्काळी कामांतून उभा राहिला. त्याच्या बांधावरची माती कुणाच्या डोक्यावरून गेली ते कुठल्या पाटीवर कोरलेलं नाही.

तेव्हा जोतीराव फुले काय करत होते? १८७७ साली सत्यशोधक समाजानं धनकवडीला छावणी काढली आणि भुकेल्या लेकरांना रोज जेवू घातलं. त्यासाठी मदतीची पत्रकं काढली. पण जोतीराव नुसतं वाढून थांबले नाहीत. शेतकऱ्याला भटानं, सावकारानं, सरकारनं कसं नागवलं त्याचा हिशेब त्यांनी आयुष्यभर मांडला. भाकरीही दिली आणि हिशेबही मागितला. ही आपली परंपरा आहे. नुसत्या चादरी वाटणं ही नव्हे.

मग १९७२. म्हातारी माणसं अजून सुकडीची, मिलोची नावं काढतात. खडी आमच्या बायांनी फोडली, पाझर तलाव आमच्या बापानं खोदला. पाणी कुणाच्या विहिरीला लागलं? ज्याची जमीन होती त्याच्या. भूमिहीनाच्या वाट्याला आली हजेरीपत्रकावरची सही, तीही अंगठ्याची. आणि त्याच सालच्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दोन बौद्ध बायांना विहिरीवर पाणी प्याल्या म्हणून नागवं करून मारत फिरवलं. सोलापूरच्या शिवेला लागून इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात अख्ख्या बौद्ध वस्तीवर गावानं बहिष्कार टाकला, तोही १९७२लाच. आता सांगा, दुष्काळ जात बघत नाही? अरे, विहीर आटायला लागली की सगळ्यात आधी जातच वर येते. दलित पँथर त्याच साली जन्मली ती काही योगायोगानं नाही.

यावर एक जण मला म्हणाला, "पण किल्लारीचं काय? तिथं तर वाडेवालेच मेले की." बरोबर बोलला. याचं उत्तर द्यायलाच पाहिजे, कारण समोरच्याच्या भात्यातला हाच एक खरा बाण आहे.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. लातूर-उस्मानाबाद हादरलं, सोलापूरची जमीनही हलली. सरकारी हिशेबानं आठ हजाराच्या आसपास माणसं मेली. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, वर धाब्याचं टनावारी ओझं, असे वाडे झोपलेल्या माणसांवर बसले. आणि बऱ्याच ठिकाणी कुडाच्या, पाचटाच्या हलक्या खोपटात निजलेला माणूस वाचला. खोपट अंगावर पडलं तरी माणूस मरत नाही. गरिबीनं जीव वाचवल्याचं हे एक दुर्मिळ उदाहरण. धरणीनं एका पहाटेत उतरंड पालथी घातली.

मग सरकार आलं. बावन्न गावं नव्या जागी वसवायची ठरलं. जागतिक बँकेचा पैसा आला, नकाशे आले, इंजिनियर आले. सगळं नव्यानं मांडायची अशी संधी हजार वर्षांत येत नाही. कशी मांडली? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीनवाला, त्याला २५० चौरस फुटांचं घर. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरच्या वर असेल त्याला ७५०. घर कुणाचं किती पडलं याच्यावर नाही, घरात तोंडं किती याच्यावर नाही, जमीन किती त्याच्यावर! आणि जमीन कुणाकडं असते, हे तुम्हाला सांगायला पाहिजे का? धरणीकंपानं पालथी घातलेली उतरंड सरकारनं चौरस फुटांनी मोजून परत सुलटी उभी केली. हे काम निसर्गाचं नाही. हे फायलीतलं काम आहे, त्याच्यावर सह्या आहेत.

म्हणून माझं म्हणणं एका ओळीत सांगतो. आपत्ती दोनदा येते. एकदा आभाळातून नाहीतर जमिनीतून, आणि दुसऱ्यांदा पंचनाम्यातून. पहिली कधीमधी चुकते, दुसरी आपल्याला कधी चुकत नाही.

सीनेच्या पुराकडं याच डोळ्यांनी बघा. ज्या नदीत उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळतात तिला इतकं पाणी आलं की लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद पडला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर-दक्षिण सोलापूर, काठची गावं पाण्यात. शेतकरी बुडाला हे खरं आहे, त्यात लहान शेतकरी आपलाच भाऊ आहे, त्याच्या भरपाईला माझा विरोध नाही. पण पंचनामा चालतो सातबाऱ्यावर. बटईनं शेत करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, भरपाई मालकाला. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४च्या सत्याग्रहांपासून आपली माणसं गायरान कसताहेत, तिथलं पीक अतिक्रमणात मोडतं, भरपाई कुणालाच नाही. आणि मजूर? रान चिखलात गेल्यावर दोन-तीन महिने हाताला काम नाही. बुडालेल्या पिकाचा पंचनामा होतो, बुडालेल्या मजुरीचा कधी झालेला ऐकलाय? एका गावात पंचनामा करणाऱ्याला एक म्हातारी म्हणत होती, "सायेब, आमचं बी लिवा की." तो म्हणाला, "आजी, तुमचं काय गेलं?" ती गप्प झाली. कागदावर जे नाही ते गेलं असं तिनं सांगायचं कसं?

पूर ओसरला की टंचाई ठेवलेलीच. १९८०ला उजनी पुरं झालं. ११७ टीएमसीचं धरण आपल्या जिल्ह्यात, आणि दुष्काळाचे टँकरही आपल्याच जिल्ह्यात. तीसच्या वर साखर कारखाने या कोरड्या मुलखात उभे आहेत. ऊस रानात हिरवागार उभा आणि बाई घागर घेऊन टँकरपुढं उभी. टँकर ओततात गावच्या विहिरीत, आणि विहिरीवर रांग कशी लागते ते पुन्हा सांगायला नको. याला पावसाची तूट म्हणणारा एकतर आंधळा, नाहीतर कारखान्याचा सभासद.

आता आपल्या घरचं बोलतो. पूर आला की आपले कार्यकर्ते काय करतात? टेम्पो भरून बिस्किटं, सोलापुरी चादरी, बॅनर, फोटो. अडल्याला चादर द्यायलाच पाहिजे, भिजलेल्या लेकराला व्याख्यान घालून ऊब येत नाही. पण चादर देऊन झालं की आपण घरी येतो. वस्ती तिथंच, उतारावर. मग पुढच्या पुराला परत टेम्पो. ही चळवळ नाही, ही धर्मादाय खात्याची शाखा झाली.

बाबासाहेब असे नव्हते. याच सोलापुरात जानेवारी १९२५मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेनं वसतिगृह उघडलं ते पोरांना नुसतं जेवू घालायला नव्हे. पुढं १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ला दामोदर नदीनं बंगालात हाहाकार केला, तेव्हा दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या खात्यातून पुढं आली. १९४५ला कटकच्या परिषदेत त्यांनी ओरिसातल्या नद्यांवर भाषण केलं. त्याचं सार असं की जास्त पाणी हा शाप नव्हे, पाणी ही संपत्ती आहे. ते नुसतं समुद्राकडं हाकलू नका, साठवा, त्यातून शेती, वीज, वाहतूक उभी करा. नदीपुढं हात जोडणारा तो माणूस नव्हता. चवदार तळ्यावर ज्यानं पाण्याचा हक्क मागितला, त्यानंच देशाच्या पाण्याचा आराखडाही मांडला. आणि आपण त्याची लेकरं, पाणी आलं की आभाळाकडं बघतो!

तर करायचं काय? हातात धरायला कायदा आहे. २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. त्याचं कलम ६१ सांगतं की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. अरे, पूर जात बघत नसता तर दिल्लीच्या संसदेला हे कलम लिहायची गरज काय पडली होती? कलम ३१ सांगतं की प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा पाहिजे आणि त्यात धोक्याच्या जागा नोंदलेल्या पाहिजेत. माहितीच्या अधिकारात तो आराखडा मागवा. त्यात तुमच्या वस्तीचं नाव शोधा. नसेल तर का नाही, ते लेखी विचारा. पूररेषेचा नकाशा मागा आणि बुद्धविहार कुठल्या रेषेच्या आत येतो ते बघा. विहाराच्या भिंतीवर २०२०चं, २०२५चं पाणी कुठवर आलं तिथं तारखेसकट रंगाचा पट्टा ओढा. बटईवाले, गायरानवाले, मजूर, एकट्या बाया यांची यादी पूर यायच्या आधी तयार ठेवा, ग्रामसभेत वाचून ठरावात घाला. आणि एकच मागणी लावून धरा: वस्तीला उंचावर जागा, पक्की, बाईच्या नावावर, सातबाऱ्यासकट. गावाला उंचावर जागा नाही असं कुणी म्हणालं तर त्याला गावातल्या उंच जागा कुणाकुणाच्या नावावर आहेत त्याची यादी तिथंच वाचून दाखवा.

भांडण लागेल. गाव म्हणेल, संकटात जात काढता. तेव्हा शांतपणे सांगा, जात आम्ही काढली नाही, ती तुम्ही नकाशात आधीच घालून ठेवली होती. आम्ही फक्त पाणी कुठवर आलं ते दाखवतोय.

पुढचा पावसाळा येतोच आहे. त्याच्या आत हा कागद तहसीलमध्ये गेला पाहिजे. जयभीम!